सहा आठवडे की सहा महिने? गुडघ्याची तीच ती शंका

बास्केटबॉल खेळणाऱ्यांच्या प्रश्नांत सध्या एक नाव सारखे येते: शिकागो बुल्सचा माजी पॉइंट गार्ड डेरिक रोझ. २०११मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, तो एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचा सर्वांत तरुण एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला आणि पुढच्याच वर्षी दुखापतींची रांग लागली. एप्रिल २०१२मध्ये डाव्या गुडघ्याची एसीएल, म्हणजे सांधा बांधून ठेवणारी आतली दोरी (लिगामेंट), नोव्हेंबर २०१३मध्ये उजव्या गुडघ्यातली गादी म्हणजे मेनिस्कस, फेब्रुवारी २०१५मध्ये पुन्हा तीच गादी, एप्रिल २०१७मध्ये डाव्या गुडघ्यातली गादी. या यादीतून ज्याने त्याने आपल्या सोयीचा तुकडा उचलला आहे. म्हणून उत्तरे एकत्रच देतो.

प्रश्न: रोझला कुणी धक्काही दिला नव्हता. नुसते थांबून उडी मारताना एसीएल कशी तुटते?

बहुतेकांची अशीच तुटते, धक्क्याविना. २८ एप्रिल २०१२ला फिलाडेल्फियाविरुद्ध प्लेऑफचा, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीचा, पहिला सामना होता. १ मिनिट २२ सेकंद उरले होते, बुल्स १२ गुणांनी पुढे होते. रोझ बास्केटकडे घुसला, दोन्ही पायांवर थांबला आणि उडी घेताना डावा गुडघा गेला. पाऊल जमिनीला चिकटलेले, अंग वेगात पुढे आणि गुडघा आतल्या बाजूला वळलेला, असे एकाच क्षणी जमले की नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू पाहते. ते सरकू नये म्हणून बांधलेली दोरी म्हणजे एसीएल.

'कट' असा आवाज येतो आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगतो. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे बहुधा आत झालेला रक्तस्राव. त्याला 'मुरगळला असेल' म्हणून दोन आठवडे लेप लावत बसू नका.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. त्या मोसमात रोझ पायाचे बोट, पाठ, जांघ, घोटा अशा एकामागून एक दुखण्यांमुळे ६६पैकी ३९च सामने खेळला होता. एसीएल त्यामुळेच गेली असे म्हणता येत नाही. पण दुखणे अंगावर काढून खेळणाऱ्याची उडी मारण्या-उतरण्याची ढब बदलते, हे प्रत्येक प्रशिक्षकाने लक्षात ठेवावे.

प्रश्न: एसीएल आपोआप जुळते का?

पूर्ण तुटली असेल तर त्यावर विसंबू नका. सरळ चालणे, पोहणे, सायकल एवढेच करायचे असेल तर काहींचे व्यायामावर भागते. वळणे-उड्यांच्या खेळात परतायचे असेल तर बहुतेकांना नवी दोरी बसवावी लागते. तुम्ही कोणत्या गटात ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

प्रश्न: २०१३मध्ये गादी फाटली तेव्हा रोझचा पूर्ण मोसम गेला आणि २०१५मध्ये तो सहा आठवड्यांच्या आत कोर्टवर आला. माझीही गादी फाटली आहे. मलाही ते सहा आठवडेवालेच ऑपरेशन हवे आहे. (वय १९)

शब्द बदलून हाच प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा आला आहे, तेव्हा जरा बैजवार सांगतो.

दोन्ही वेळा 'दुर्बिणीतून ऑपरेशन' झाले, साम्य तेवढेच. २०१३मध्ये फाटलेली गादी शिवली. २०१५मध्ये फाटलेला भाग कापून काढला. शिवलेले जुळायला वेळ लागतो. जे कापून टाकले त्याला जुळायचेच नसते. सहा आठवड्यांचे गुपित एवढेच.

प्रत्येक गुडघ्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. अंगाचे वजन हाडांवरच्या कूर्चेवर, म्हणजे गुळगुळीत आवरणावर, पसरून टाकणे हे त्यांचे काम. तुकडा काढला की तेच वजन कमी जागेवर पडते आणि उडीवरून उतरताना ते कित्येक पट होते. कूर्चा झिजली की पुन्हा उगवत नाही. म्हणजे १९व्या वर्षी वाचवलेले चार-पाच महिने चाळिशीत गुडघा व्याजासकट वसूल करू शकतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची गादी काढली असेल तर हे आणखी लवकर होते.

शिवता येईल की नाही, हे मात्र ना तुमच्या हाती, ना पूर्णपणे सर्जनच्या. गादीच्या फक्त कडेच्या पट्ट्याला, साधारण एक तृतीयांश भागाला, चांगला रक्तपुरवठा असतो. तिथली ताजी, उभी चीर शिवण्यासारखी असते. मधल्या बाजूला रक्त पोहोचत नाही. तिथे चिंध्या झाल्या असतील तर टाके धरत नाहीत आणि मोजका भाग काढणेच शहाणपणाचे ठरते. शिवण्याजोगी चीर घेऊन दोन-तीन महिने खेळत राहिलात तर तिच्याही चिंध्या होतात. 'परीक्षा होऊ दे, स्पर्धा होऊ दे' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

शिवल्यानंतर साधारण चार ते सहा आठवडे कुबड्या आणि ब्रेस. त्या काळात वजन टाकून गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नाही. उकिडवे बसणे चार महिने बंद. पळणे तीन-चार महिन्यांनी आणि सामना सहा महिन्यांच्या आसपास, तोही मांडीची ताकद भरून आली तर. चीर कशी आहे त्यावर हे आकडे मागेपुढे होतात, म्हणून मित्राचा तक्ता वापरू नका.

'पण रोझची शिवलेली गादी पुन्हा फाटलीच ना?' फाटली. शिवलेल्या दर पाचांतली साधारण एक जुळत नाही किंवा पुन्हा फाटते. तेव्हा तुकडा काढण्याचा पर्याय उरतोच, रोझच्या बाबतीतही तेच झाले. उलटे मात्र करता येत नाही. काढलेली गादी परत शिवता येत नाही.

तेव्हा 'छोटीशी सफाई करू, सहा आठवड्यांत मैदानात' असे कुणी सांगितले तर विचारा: चीर कुठे आहे? शिवता येईल का? आत गेल्यावर शिवण्यासारखी दिसली तर त्याच वेळी शिवण्याची तयारी असेल का? नाही तर किती भाग काढणार? उत्तरे गुळमुळीत वाटली तर एमआरआय घेऊन दुसऱ्या सर्जनकडे जा. ऑपरेशनमधले फोटोही मागून घ्या, पुढच्या डॉक्टरला ते लागतात.

प्रश्न: कोलेजन पावडर आणि चुंबकाचा पट्टा यांनी गादी भरून येते का?

नाही. पैसे फिजिओथेरपीला ठेवा.

प्रश्न: एसीएलच्या ऑपरेशनला आठ महिने झाले. सर्जन म्हणतात हरकत नाही, पण मला भीती वाटते. प्रशिक्षक म्हणतात, रोझसारखा भित्रेपणा करू नकोस.

मार्च २०१३मध्ये बातम्या आल्या की डॉक्टरांनी रोझला खेळायला परवानगी दिली आहे. तो त्या मोसमात उतरलाच नाही आणि त्यावरून बरीच टीका सहन केली. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांना ग्राफ्टची, म्हणजे तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेल्या दोरीची, गोष्ट ठाऊक नसते. बसवलेली नवी दोरी आधी निर्जीव असते, मग तिच्यात हळूहळू रक्तवाहिन्या शिरतात. सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमाराला ती सर्वांत कच्ची असते आणि नेमकी तेव्हाच दुखणे-सूज ओसरून माणसाला 'बरे झालो' असे वाटते.

नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. तेव्हा आठवा महिना म्हणजे घाईच. नववा उलटला तरी नुसते कॅलेंडर पुरत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद यंत्रावर मोजून घ्या. चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवी. मग लंगडीच्या चाचण्या: एक उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या आलटून पालटून दोन्ही बाजूंना तीन उड्या, आणि सहा मीटर अंतर वेळ लावून. इथेही ९० टक्के. त्यात एक मेख आहे: चांगला पायही आठ महिने बसून खंगलेला असतो, त्यामुळे तुलना फसवी ठरू शकते. शिवाय गुडघा आत न वळता उतरतो का, ते कुणीतरी समोरून पाहिले पाहिजे.

भीती हा दुर्गुण नाही, ती मोजायच्या प्रश्नावल्या आहेत. फिजिओथेरपिस्टला सांगा. मात्र नुसते थांबणे म्हणजे तयारी नव्हे. रोझ दीड वर्षाने परतला आणि दहाव्या सामन्यात दुसऱ्याच गुडघ्यातली गादी फाटली.

प्रश्न: ३१ ऑक्टोबर २०१८ला रोझने मिनेसोटाकडून युटाविरुद्ध ५० गुण केले. म्हणजे गुडघे पूर्ववत झाले ना?

नाही, खेळ बदलला. एमव्हीपीच्या मोसमात त्याचे लांबून मारलेले तीन गुणांचे ३३ टक्के फटके बसत होते, २०१८-१९मध्ये ३७ टक्के. त्या मोसमात तो ५१ सामनेच खेळला. शेवट कोपराच्या दुखापतीने झाला. तुमच्या सर्जनला '५० गुण करता येतील का' असे विचारू नका.

प्रश्न: दोन महिन्यांपासून गुडघा मधेच अडकतो, परवापासून तर सरळच होत नाही. आधी मालिश करून पाहू का?

मालिश नको, ओढून सरळ करणे तर मुळीच नको. फाटलेल्या गादीचा पट्टा सांध्यात अडकला असण्याची शक्यता आहे. अस्थिरोगतज्ज्ञाला आज-उद्याच दाखवा, तोवर त्या पायावर वजन टाकू नका. दोन महिने आधीच गेले आहेत.