पहिला घोडा घेताना

भावा, ट्रेलर ओढायला जुना घोडा, म्हणजे पुढचा इंजिनवाला ट्रक, बघतोयस ना, मग रंगाकडे बघूच नकोस. नवा रंग, रेडियम, चकचकीत बंपर ही सगळी दलालाची मेहनत.

सकाळी लवकर जा आणि आधी इंजिनला हात लाव. गरम लागलं तर समज, तू यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन तुझ्यासमोर स्टार्ट करायला लाव. दहा मिनिटांनी ऑइलचं झाकण उघड. तिथून भकाभका धूर आला तर इंजिनच्या आतल्या रिंगा-लायनर झिजल्यात, मोठं काम निघालंय. मी हे बघितलंच नव्हतं. तिसऱ्याच खेपेला कसारा घाटात भरलेली गाडी दम टाकून बसली, इंजिन खोलावं लागलं. वर्षाची कमाई गॅरेजात गेली.

मग पुठ्ठा टाकून खाली झोप. फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोल प्लेटच्या, आसपास चासीला वेल्डिंगचे टाके दिसले तर चहा पी आणि घरी ये. भाव करत बसू नकोस.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत धूर साफ करणारी युरियाची सिस्टीम कुणी बायपास केलीय का, ते मेकॅनिककडून स्कॅन करून घे.

कागदांचं थोडक्यात: घोड्याची आणि ट्रेलरची आरसी वेगळी, दोन्ही बघ. फायनान्सची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. थकलेली चलानं ऑनलाइन दिसतात. आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं.

आणि टायरचे पैसे वेगळे ठेव. विकणारा निघताना चांगले टायर काढून घेतो, म्हणून सौद्याच्या दिवशीच टायरवरचे नंबर लिहून घे.