यादी लहान ठेव

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची यादी, दोन्ही लक्षपूर्वक वाचले. उन्हाळ्याचे दोन महिने खेड्यातील घरात राहायला मिळणार म्हणून भाज्यांचे चार वाफे, फुलझाडे, टोपल्या विणणे, कापड रंगवणे, लाकडी चमचे कोरणे आणि शिवाय भरतकाम असा जो बेत तू आखला आहेस, त्यातील उत्साह मला आवडला. तरीही त्यातील निम्म्याहून अधिक गोष्टी तू आत्ताच खोडून टाकाव्यास, असे मला वाटते. माती आणि हातकाम यांच्या वेळा ऊन, ओलावा आणि साहित्याचा स्वभाव ठरवतात. त्यामुळे कामे दाटीवाटीने ठेवली की प्रत्येक काम चुकीच्या वेळी होते आणि ज्या आनंदासाठी तू तिकडे जाणार, तोच हाती लागत नाही. एक वाफा आणि एक कला एवढेच ठेव, आणि संध्याकाळ रिकामी राहू दे.

सकाळ बागेची. पाणी शक्यतो सूर्य वर येण्याआधीच घालावे, कारण तेव्हा बाष्पीभवन कमी होते, पाणी मुळांपर्यंत पोहोचते आणि चुकून भिजलेली पाने दिवसभरात सुकून जातात. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशीजन्य रोग सहज पसरतात. रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर पाणी देणे बहुतेक रुजलेल्या झाडांना मानवते, कारण वरची माती सतत ओली राहिली की मुळे वरच पसरतात आणि एखाद्या कडक दुपारी झाड उघडे पडते. नुकती लावलेली रोपे आणि कुंड्या यांना मात्र हा नियम लागू नाही. पाणी द्यायचे की नाही, हे ठरवण्यासाठी बोट मातीत साधारण पाच सेंटिमीटर खुपसून पाहा. भर दुपारी पाने मान टाकतात ती नेहमीच तहानेने नव्हे. मुळे जेवढे पाणी ओढतात त्याहून अधिक पानांतून उडून जात असते. ऊन उतरल्यावर पाने सावरली, तर झारी उचलू नकोस. वाळलेल्या पानांचे किंवा गवताचे पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन वाफ्यावर घाल आणि खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोड. एवढ्याने निंदणीचे निम्मे कष्ट वाचतात.

टोमॅटोची तुझी निवड चांगली आहे, पण एका गोष्टीची आधीच कल्पना देते. दिवसाचे तापमान 32 ते 35 अंशांच्या वर जाऊ लागले आणि रात्रीही उकाडा राहिला की परागकण नीट काम करत नाहीत आणि फुले फळ न धरता गळतात. नवखा माणूस अशा वेळी घाबरून आणखी खत घालतो. नत्र अधिक झाले की पाने फोफावतात आणि फळांचा प्रश्न तसाच राहतो. येथे वाट पाहणे आणि ओलावा सारखा राखणे एवढेच करण्यासारखे असते. कधी कोरडी, कधी चिंब अशी माती राहिली, तर फळांच्या बुडाशी काळे चट्टेही पडतात, कारण पाण्याबरोबर वर जाणारे कॅल्शियम फळापर्यंत पुरेसे पोहोचत नाही.

वाफ्याच्या कडेला दोन-चार सूर्यफुले अवश्य लाव. त्यांचा उपयोग काय, असे विचारू नकोस. कोवळे सूर्यफूल दिवसभर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळते आणि रात्रीत पुन्हा पूर्वेला तोंड करून उभे राहते, कारण त्याच्या दांड्याची एक बाजू दिवसा आणि दुसरी रात्री अधिक वाढते. फूल पूर्ण उमलले की ही हालचाल थांबते आणि ते पूर्वेकडेच पाहत राहते. सकाळच्या उन्हात लवकर तापलेल्या अशा फुलांवर मधमाश्या अधिक येतात. हे वाचून कळते, पण स्वतःच्या वाफ्यात पाहिले की दुसऱ्या दिवशी उठायला गजर लागत नाही.

दुपार सावलीत बसून करायच्या कामाची. तुझ्या यादीतून मी टोपली निवडेन, कारण तिला यंत्र लागत नाही आणि हात कुठे चुकला ते लगेच दिसते. ताज्या कापलेल्या काड्यांनी विणण्याचा मोह टाळ. त्या सुकताना आकसतात आणि घट्ट वाटणारी वीण महिन्याभरात सैल पडते. म्हणून काड्या आधी पूर्ण वाळवतात, मग विणण्यापूर्वी पुन्हा भिजवून लवचीक करतात. उन्हाळ्यात त्या पाहता पाहता कोरड्या होऊन मोडू लागतात, तेव्हा हातातील काडी सोडून बाकीच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. एकाच आडव्या काडीने साधी वीण घालायची असेल, तर उभ्या काड्यांची संख्या विषम हवी. ती सम राहिली, तर प्रत्येक फेरीत आडवी काडी त्याच उभ्या काड्यांच्या पुढून जाईल आणि वीण एकमेकींत अडकणारच नाही. पहिल्या टोपलीचे तोंड बहुधा आत झुकते, कारण शिकणारा प्रत्येक वेढा ओढून घट्ट करतो. काडी ओढू नये, ती बोटांनी खाली दाबत न्यावी आणि दुसऱ्या हाताने उभ्या काड्या बाहेर रेलत्या ठेवाव्यात. टोपली वाकडी झाली तरी उसवू नकोस; बागेतील शेंगा ठेवायला ती चालते.

कापड रंगवण्याचा बेत पुढच्या वर्षावर टाक. झेंडूच्या फुलांचा पिवळा रंग लोकरीवर आणि रेशमावर सुरेख चढतो, पण आधी धाग्याला तुरटीचे संस्कार करावे लागतात; सुती कापडाला त्याहूनही अधिक पूर्वतयारी लागते आणि घाई केलेला रंग पहिल्याच धुण्यात उतरतो. उन्हाचा रंग पाहण्याची हौसच असेल, तर एखाद्या दुपारी सायनोटाइप करून बघ. 1842 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी शोधलेल्या या पद्धतीत लोहाच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर पान ठेवून तो उन्हात धरतात आणि नंतर साध्या पाण्याने धुतात. ऊन लागलेला भाग गडद निळा होतो आणि पानाचा आकार पांढरा उरतो. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्स यांनी पुढच्याच वर्षापासून या पद्धतीने सागरी शैवालांच्या प्रतिमा घेतल्या होत्या. लेप दिलेला तयार कागद वापरलास तर रसायने मिसळण्याची दगदग वाचेल.

संध्याकाळविषयी मी फारसे सांगणार नाही, कारण तिथे शिकवण्यासारखे थोडेच आहे. अंगणात बस, दिवे मालव आणि फोन घरात ठेव. अगदीच काही करावेसे वाटले तर रातकिड्यांची किरकिर मोज. रातकिड्याच्या शरीराचे तापमान हवेप्रमाणे बदलते आणि त्याबरोबर त्याच्या किरकिरीचा वेगही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एमॉस डॉल्बेअर यांनी 1897 मध्ये हा संबंध सूत्ररूपात मांडला. काही जातींच्या बाबतीत आठ सेकंदांतील किरकिरी मोजून त्यात पाच मिळवले की हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये जवळपास बरोबर येते. तुझ्याकडचे रातकिडे त्या जातीचे नसले, तर उत्तर चुकेल. त्याने काही बिघडत नाही.

शेवटची सूचना बियांची. वाफ्यातील सर्वांत चांगले फळ तोडून खाऊन टाकण्याची घाई करू नकोस. निरोगी झाडावरचे एक फळ बियांसाठी पूर्ण पिकू दे. टोमॅटोच्या बियांभोवतीचा बुळबुळीत थर काढण्यासाठी त्या गरासकट भांड्यात दोन-तीन दिवस आंबू देतात, मग धुऊन सावलीत वाळवतात. रोपे संकरित वाणाची असतील तर पुढची झाडे मूळ झाडासारखी निघतील असा भरवसा नसतो, म्हणून रोपे घेतानाच वाण सरळ आहे की संकरित, ते विचारून घे. वाळलेल्या बिया कागदी पुडीत बांधून थंड, कोरड्या जागी ठेव आणि पुडीवर वाणाचे नाव व वर्ष त्याच दिवशी लिही. नंतर सगळ्या बिया सारख्याच दिसतात.

तुझी हितचिंतक