वाचकांचे प्रश्न : डबल स्टँड नसलेल्या बाइकचं ऑइल

प्रश्न : माझ्या 150 सीसी बाइकला फक्त साइड स्टँड आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइल बदलता येईल का? बाइक उचलायला काही सोय नाही.

उत्तर : येईल, आणि बाइक उचलायची गरजही नाही. विटा-दगडांवर चढवणं किंवा चेंबरखाली (इंजिनाचा तळाचा, ऑइल साठणारा भाग) जॅक लावणं तर अजिबात नको. चेंबर ॲल्युमिनियमचा असतो, तो तडकतो.

सपाट जागा पाहा. इंजिन 3-4 मिनिटं चालू ठेवून बंद करा. ऑइल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाची घाण सोबत घेऊन उतरतं. मात्र लांबून फिरून आल्या आल्या चेंबरच्या तळाचा ड्रेनचा नट, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा नट, उघडू नका, हात भाजेल. बाइक पहिल्या गिअरमध्ये टाका आणि पुढचा ब्रेक रबरी पट्टीने हँडलला आवळून ठेवा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. खाली ठेवायला 5 लिटरचा रिकामा कॅन आडवा करून वरची बाजू कापून घ्या. कमी उंचीचं असं दुसरं भांडं सहसा मिळत नाही.

आधी ऑइल भरायचं वरचं झाकण सैल करा, हवा आत गेली की धार नीट येते. मग रिंग पान्याने ड्रेनचा नट सोडवा. फिक्स पाना वापरला तर नटाचे कोपरे झिजतात. साइड स्टँडवर बाइक डावीकडे कललेली असते, त्यामुळे थोडं ऑइल आतच अडून राहतं. धार थेंबांवर आली की कुणाला तरी बाइक दोन्ही हातांनी धरून हळूहळू सरळ करायला सांगा, मग किंचित उजवीकडे. पुन्हा एक बारीक धार येते. हे एकट्याने करू नका.

नटाला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी लगदा दिसणं ठीक आहे. धातूचे कपटे किंवा दुधाळ ऑइल दिसलं तर मेकॅनिकला दाखवा. कागदी फिल्टर असेल तर तोही बदला आणि रबरी ओ-रिंग नवी घाला.

ड्रेनचा नट नवा वॉशर घालून परत बसवा. आता ऑइल किती ओतायचं, इथे सर्वांत जास्त चुका होतात. बाइकसोबत मिळालेल्या पुस्तकात अनेकदा दोन आकडे असतात : एक नुसतं ऑइल बदलताना, दुसरा इंजिन पूर्ण उघडल्यावर. आपल्याला पहिला, कमी असलेला आकडा घ्यायचा. त्यातलंही 100 मिली हातात राखून बाकीचं नरसाळ्याने ओता. इंजिन 2-3 मिनिटं चालवा, बंद करून तितकाच वेळ थांबा आणि बाइक सरळ उभी धरूनच पातळी पाहा. कललेल्या बाइकवर पातळी दाखवणारी इंजिनावरची काच किंवा डिपस्टिक (खुणा असलेली ऑइल मोजायची पट्टी) खोटं सांगते. डिपस्टिक आटे आवळून पाहायची की नुसती टेकवून, हे मॉडेलनुसार बदलतं. पुस्तकात दिलेलं असतं. मग राखलेलं ऑइल लागेल तसं घाला. जास्त झालेल्या ऑइलचा क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) फेस करतो, ते ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) एअर फिल्टरवर येतं, सीलही गळू लागतात.

जुनं ऑइल नव्याच्याच रिकाम्या बाटलीत भरून गॅरेजला द्या. गटारात किंवा मातीत ओतू नका.

प्रश्न : ऑइल बदलल्यावर नटाजवळ थेंब जमतो. आणखी घट्ट करू का?

उत्तर : नको. बहुधा जुनाच वॉशर परत लावलाय. तो एकदा दाबला गेला की पुन्हा तसा बसत नाही. दरवेळी नवा घाला, काही रुपयांचाच असतो. नट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवा. अडला तर तिरका बसलाय, काढून पुन्हा लावा. 12 मिमी जाडीच्या आट्यांच्या नटाला साधारण 25 ते 30 न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) पुरेसे, पण नेमका आकडा पुस्तकातलाच धरा. पान्याला पाइप लावून ताकद काढली की चेंबरचे आटे जातात. मग हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवावं लागतं. टेफ्लॉन टेप किंवा एम-सील हा त्यावरचा इलाज नव्हे.

प्रश्न : कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये चालेल?

उत्तर : गिअरच्या बाइकमध्ये नाही. तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, त्यामुळे क्लच घसरतो : आवाज चढतो, वेग वाढत नाही. डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए-2 लिहिलेलं पाहा. जासो एमबी हे बिनगिअरच्या स्कूटरसाठी असतं, ते बाइकमध्ये घालू नका.