पहिल्या अभिरूप खटल्याआधी एवढं कर

अभिरूप खटल्यात (मॉक ट्रायल, म्हणजे सरावासाठी चालवलेला नकली खटला) नाव दिलंस, छान केलंस. युक्तिवाद पाठ करायला मात्र लगेच बसू नकोस. मूट कोर्टात (अपिलासारखा युक्तिवाद करायच्या सराव-कोर्टात) कायद्यावर वाद असतो. इथे खटला साक्षीदारांवर उभा राहतो. आधी फिर्याद, पंचनामा, जबाब आणि शवविच्छेदन अहवाल शेजारी ठेवून वेळा, अंतरं, उजेड ताडून बघ.

नवी मुलं हमखास चुकतात ते इथे:

- सरतपासात (आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना) सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारा प्रश्न. 'आरोपीच्या हातात चाकू होता ना?' असं नाही, 'तुम्ही काय पाहिलंत?' असं विचार. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 146 आधी वाच.
- उलटतपासात (समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारताना) एक प्रश्न जास्त. साक्षीदार कोर्टात म्हणतो, दिव्याच्या उजेडात चेहरा दिसला. तू विचार, 'पोलिसांना दिलेल्या जबाबात दिव्याचा उल्लेख नाही, बरोबर?' तो 'हो' म्हणाला की तिथेच थांब. 'का नाही?' विचारलंस की तो खुलासा करतो आणि हातातला मुद्दा जातो. ती गोष्ट जबाबात नव्हती, हे पुढे तपास अधिकाऱ्याकडून वदवून घे.
- कागदात बघून प्रश्न वाचणं. उत्तर ऐकलंच जात नाही.

हरकतींची लांबलचक यादी आत्ता नको. सूचक आणि ऐकीव (साक्षीदाराने स्वतः न पाहता दुसऱ्याकडून ऐकलेलं), एवढ्या दोन ओळखता आल्या तरी पहिली फेरी निभावेल. साक्षीदार होणाऱ्या सहकाऱ्यासोबत रोज सराव कर.