जगाला संसद नाही, मग आंतरराष्ट्रीय कायद्याचे नियम येतात कुठून?

जगाला संसद नाही आणि पोलीस नाहीत, तर आंतरराष्ट्रीय कायद्याचे नियम करते कोण आणि त्याला कायदा तरी का म्हणायचे, असा आपला प्रश्न आहे. पहिल्या भागाचे उत्तर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीच्या, म्हणजे ते न्यायालय ज्यावर चालते त्या मूळ नियमावलीच्या, 38 व्या कलमात आहे: राष्ट्रांनी आपसांत केलेले करार, राष्ट्रांमध्ये रुळलेली रूढी आणि सर्वत्र मान्य असलेली कायद्याची तत्त्वे. न्यायनिर्णय आणि विद्वानांची मते नियम शोधण्यास साहाय्य करतात, स्वतः नियम निर्माण करीत नाहीत. करारांविषयी फार लिहीत नाही, कारण सही केली की शब्द पाळायचा, हे सर्वांना कळते. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात 2019 मध्ये भारताच्या बाजूने निकाल लागला तो दोन्ही देशांनी स्वीकारलेल्या 1963 च्या वाणिज्यदूत संबंधांविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या बळावर. दुसरा भाग मात्र मला जवळजवळ याच शब्दांत एकदा ऐकवला गेला आहे, आणि म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

मी तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी वकिली करते. ज्युनिअर असताना आमच्याकडे वहिवाटीच्या रस्त्याचा एक दावा होता. आमच्या पक्षकाराच्या बांधावरून शेजारी पिढ्यान्‌पिढ्या शेतात जात असे, आणि उसाच्या ट्रॉल्याही त्याच वाटेने नेण्याचा आपला हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते. उलटतपासात तो सहज बोलून गेला, ‘‘पायी जायला कुणाला विचारायचं? ट्रॉली न्यायची असली की मात्र आदल्या दिवशी अण्णांना सांगूनच न्यायचो.’’ अण्णा म्हणजे आमचे पक्षकार. हे वाक्य ऐकताच मला दादरा आणि नगर हवेलीचा खटला आठवला. लेखी युक्तिवादात त्यावर मी एक परिच्छेद लिहिला. सीनिअरांनी तो लाल शाईने खोडला आणि चार अशिलांसमोर म्हणाले, ‘‘बाई, ज्याला बेलीफ नाही तो कायदाच नाही. हेगचे निकाल इथे आणू नका.’’ बेलीफ म्हणजे न्यायालयाचा हुकूम प्रत्यक्ष बजावणारा कर्मचारी.

तो खटला असा होता. दादरा आणि नगर हवेली हे दोन्ही पोर्तुगीज मुलूख चारही बाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले होते. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले अनेक जण होते. पोर्तुगीजांच्याच ताब्यातील दमणहून तिकडे जाणारी वाट भारताने बंद केली, तेव्हा ती वापरण्याचा आपला हक्क आहे, असे म्हणत पोर्तुगालने डिसेंबर 1955 मध्ये हेगला दावा लावला. त्या न्यायपीठावर भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. सी. छागला बसले होते. पोर्तुगालची भिस्त पेशव्यांशी झालेल्या 1779 च्या तहावर आणि 1783 व 1785 च्या सनदांवर होती. बारा हजार रुपये वसुलाची गावे देताना मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले की केवळ सरंजाम, म्हणजे महसुलाचा उपभोग, याचा खल हेगच्या न्यायाधीशांनी केला आणि तो सरंजामच होता, असे ठरवले. आपल्या दप्तरातला शब्द तिथे इतक्या बारकाईने तोलला गेला, याचा मला आजही अभिमान वाटतो. सार्वभौमत्व पोर्तुगालला मिळाले ते पुढे, इंग्रजांनी आणि नंतर भारताने ते प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केल्यामुळे, असे न्यायालयाने म्हटले.

खरा मुद्दा वाटेचा होता. रूढी म्हटली की अनेक राष्ट्रे हवीत, दोघांत रूढी कशी होईल, असे भारताचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. सव्वाशे वर्षे माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल बिनबोभाट ये-जा करीत होता आणि ते आपल्यावर बंधनकारक आहे, असे दोन्ही बाजू समजत होत्या, म्हणून तेवढा हक्क निर्माण झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्याबाबत मात्र परवानगी घ्यावी लागे. 1890 च्या डिसेंबरात दमण आणि नगर हवेली यांच्यामधल्या पारडी तालुक्यातून सशस्त्र माणसे विनापरवाना जातात, अशी मुंबई सरकारने तक्रार केली, तेव्हा पूर्वपरवानगीशिवाय आमचे सैन्य इंग्रजी हद्द कधीच ओलांडत नाही, असे पोर्तुगीज सरकारनेच लेखी कळवले होते. जे मागून घ्यावे लागते तो हक्क नव्हे. नेमके हेच आमचा शेजारी साक्षीच्या पिंजऱ्यात बोलला होता, आणि दुसऱ्याच्या जमिनीवरील वाटेसारखे हक्क ठरवणाऱ्या सुविधाधिकार कायद्याचे 15 वे कलमही वीस वर्षांची वहिवाट हक्काने केलेली असावी, असेच सांगते. माझा परिच्छेद खोडलेला असूनही आमच्या न्यायाधीशांनी पायवाट आणि बैलगाडी मान्य करून ट्रॉलीचा हक्क नाकारला. त्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त कधी लावावी लागली नाही आणि त्या बांधावर बेलीफ गेला नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. अंमलबजावणीची यंत्रणा आणि कायद्याचा उगम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करणारा वकील कितीही ज्येष्ठ असला तरी चुकतो. तुम्ही कायद्याचे विद्यार्थी असाल आणि कोणी बेलिफाचा दाखला दिला, तर त्याला विचारा की दारात बेलीफ उभा नसताना पोर्तुगीज सरकारने परवानगीची बाब लिहून का दिली?

काही मर्यादा सांगायला हव्यात. 12 एप्रिल 1960 चा निकाल एकमताचा नव्हता: सैन्याला हक्क नाही, हे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. निकाल फक्त त्या पक्षकारांना बांधतो, असे त्याच संविधीचे 59 वे कलम सांगते. गोव्याची गोष्टही वेगळी आहे: डिसेंबर 1961 मध्ये भारताने तिथे बळ वापरले, सुरक्षा परिषदेतील त्याविरुद्धचा ठराव सोव्हिएत नकाराधिकारामुळे पडला, आणि तिथे वहिवाटीचा हा दाखला उपयोगी पडत नाही. गोवा मुक्त झाला याचा आनंद मला तुमच्याइतकाच आहे, पण बलवान राष्ट्रे नियम मोडतात, हा आक्षेप तिथे माझ्या मताचा खरोखर कस पाहतो. 1960 चा निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतो. वाचायला घेतलात तर नागरिक आणि सैन्य यांना वेगळे करणाऱ्या भागापासून सुरुवात करा.