रायफलच्या भागांवरचा आणि दुर्बिणीवरचा स्प्रे पेंट कसा काढावा?

तुम्ही विचारलंय की वापरलेली बोल्ट ॲक्शन रायफल घेतली आहे, आधीच्या मालकाने दुर्बीण न उतरवताच सगळ्यावर हिरवा-तपकिरी स्प्रे मारलाय, लेन्सवरही दोन-चार ठिपके उडालेत, तर सगळं ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवलं तर चालेल का. सुटे केलेले नुसते लोखंडी भाग खुशाल बुडवा. दुर्बीण मात्र कुठल्याच द्रवात बुडवायची नाही, दोन मिनिटंसुद्धा नाही. मधल्या सगळ्या गोष्टी कशाला काय चालतं त्यावर अवलंबून आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबर म्हणजे काडतूस बसायची जागा डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही चाचपा. काडतुसं त्या खोलीतच ठेवू नका. रायफल रिकामी आहे हे आपल्याला माहीत असलं तरी हे दर वेळी करायचं.

आता रंगाचं. डब्यातून मारलेला स्प्रे बहुतेक वेळा लॅकर तरी असतो किंवा एनॅमल तरी. कुठला आहे ते कळायला न दिसणाऱ्या जागी, म्हणजे दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या एखाद्या धातूच्या भागावर, ॲसिटोनचा ओला बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. लॅकर असेल तर रंग विरघळून बोळ्यावर उतरतो आणि पुसलं की आजूबाजूला फासला जातो. एनॅमल विरघळत नाही. तो फुगतो, त्याला सुरकुत्या पडतात आणि सालीसारखा सुटून येतो. लॅकरला सारखं नवं फडकं लागतं, एनॅमलला थोडा धीर आणि प्लास्टिकची पट्टी. यातलं काहीच झालं नाही, रंग जागचा हललाही नाही, तर तो दोन भागांचा इपॉक्सी किंवा भट्टीत पक्का केलेला सिरॅमिक लेप असू शकतो. तो घरी काढायच्या भानगडीत पडू नका. चांगल्या हाताने मारलेला असेल तर तो गंजापासून राखणही चांगली करतो.

रंग कशाने निघेल हे ठरवणं सोपं आहे. खरी अडचण रंगाच्या खाली आणि शेजारी काय आहे याची. शेजारची सगळ्यात नाजूक वस्तू जे सोसेल तेच द्रावण वापरायचं, हा माझा नियम आहे आणि मी तो कधी मोडत नाही.

पोलादाच्या नळीवर आणि रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या सांगाड्यावर) सहसा ब्लूइंग असतं, म्हणजे लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा पातळ थर. काही रायफलींवर फॉस्फेटचा खरखरीत राखाडी थर असतो. ॲसिटोन, मिनरल टर्पेंटाईन, आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी या दोन्ही थरांना काहीही होत नाही. त्यांचा शत्रू आम्ल. व्हिनेगर, गंज काढायची रसायनं, फॉस्फरिक आम्ल असलेला कुठलाही क्लीनर ब्लूइंग बघता बघता उतरवतो आणि खाली उघडं पांढरट पोलाद राहतं. ॲल्युमिनियमच्या भागांचं याच्या उलट. त्यावरच्या ॲनोडायझिंगला, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडच्या कडक थराला, ॲसिटोन चालतो, पण कॉस्टिक सोडा असलेले पेंट रिमूव्हर आणि ओव्हन क्लीनर ते खाऊन टाकतात आणि मग खालचं ॲल्युमिनियमही खातात. ‘रंग झटपट निघतो’ म्हणून ओव्हन क्लीनर सुचवणारे लोक तुम्हाला भेटतील. रंग निघतो हे खरं आहे. त्याबरोबर बाकीचं काय निघतं ते सुकल्यावर दिसतं.

डायक्लोरोमिथेन असलेले जुन्या धाटणीचे रिमूव्हर तर घरात आणूच नका. त्याची वाफ शरीरात गेली की तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो, बंद खोलीत त्याने माणसं दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये घरगुती वापराच्या रिमूव्हरमधून ते याच कारणाने हद्दपार झालं.

दस्ता प्लास्टिकचा असेल तर तो कुठल्या प्लास्टिकचा हे बघावं लागतं. काचतंतू मिसळलेलं नायलॉन आणि पॉलिप्रोपिलीन यांना ॲसिटोनचं पुसणं सोसतं. पॉलिप्रोपिलीनवर तर रंग मुळातच धड चिकटत नाही, बऱ्याचदा नखाने पोपडे निघतात. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट मात्र ॲसिटोनने चिकट होतात, पांढरे पडतात, तडकतात, आणि ते परत पूर्ववत होत नाही. फायबरग्लासच्या दस्त्यावर कारखान्यातला रंग असतो, आपला स्प्रे काढता काढता तोही जातो. हातात घट्ट बसावा म्हणून रबराची पकड बसवलेली असेल तर तीही ॲसिटोनने चिकट होते. खात्री नसेल तर दस्त्याला फक्त आयसोप्रोपिल वापरा, शक्यतो ९० टक्क्यांच्या वरचं. कापड भिजवून दस्त्यावर पाच-दहा मिनिटं गुंडाळून ठेवायचं, मग टूथब्रशने घासायचं, पुन्हा गुंडाळायचं. वेळ लागतो, पण दस्ता वाचतो.

लाकडी दस्त्याचं थोडक्यात सांगतो. वर लॅकर किंवा शेलॅकचं पॉलिश असेल तर स्प्रेबरोबर तेही निघणार, आणि लाकडाच्या रंध्रात शिरलेला रंग पूर्ण असा निघत नाही. तिथे सगळंच साफ करून नव्याने पॉलिश करायची तयारी ठेवा.

खोलायला सुरुवात करण्यापूर्वी एक बारीक काम आहे आणि ते हमखास राहून जातं. स्प्रे स्क्रूंच्या डोक्यातल्या खाचेतही साचलेला असतो. त्यात तशीच चावी घातली तर ती पूर्ण आत बसत नाही, वरच्या वर फिरते आणि खाच गोल होऊन जाते. दुर्बीण रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगांचे स्क्रू एवढेसे असतात, एकदा खाच गेली की ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. म्हणून सुईच्या टोकाला कापसाचा धागा गुंडाळून तो ॲसिटोनमध्ये नुसता ओलसर करायचा, खाचेत फिरवायचा, आतला रंग खरवडून बाहेर काढायचा. चावी तळापर्यंत टेकली की खट् असा आवाज येतो. तोवर जोर लावायचा नाही. रिंग आणि दुर्बिणीची नळी यांच्या सांध्यावरही रंगाची साय धरलेली असते. ती पात्याने कापलीत तर नळीवर कायमचा ओरखडा उठेल. आयसोप्रोपिलच्या बोळ्याने मऊ करून पुसून घ्या. रिंगांखाली रंग पोचलेला नसतो, त्यामुळे दुर्बीण उतरवल्यावर मूळ पृष्ठभाग कसा होता तेही तिथेच बघायला मिळतं.

दुर्बिणीत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून ती रबरी ओ-रिंगांनी बंद केलेली असते, म्हणून आत धुकं धरत नाही. ॲसिटोन फटीतून आत गेला की या रिंगा फुगतात, मग वायू निसटतो आणि ओलावा शिरतो. बाहेरून दुर्बीण छान दिसते आणि पहिल्या थंड सकाळी आतून वाफ धरते. त्यामुळे दुर्बिणीला फक्त आयसोप्रोपिल, तेही फडक्यावर घेऊन. थेट ओतायचं नाही. लेन्सवर टोप्या घाला, फिरणाऱ्या जोडांपासून लांबच्या मोकळ्या नळीवर आधी काम करा आणि द्रव ओघळून जोडाकडे जाणार नाही अशा बेताने दुर्बीण धरा. उंची आणि बाजू जुळवायच्या बटणांवरचे आकडे बऱ्याचदा खाचेत पांढरा रंग भरून केलेले असतात. जोरात पुसलंत तर स्प्रेच्या आधी ते आकडे जातील. तिथे इअरबड घ्या, पिळून जवळपास कोरडा करा, आकड्यांवर न घासता वरून लोळवत न्या, आणि प्रत्येक फेरीला कापसाची स्वच्छ बाजू वर आणा. बटणाच्या कडेच्या दातऱ्यांत अडकलेला रंग बांबूच्या काडीने निघतो. धातूचं काही लावू नका.

लेन्सवरचे ठिपके सगळ्यात शेवटी. आधी फुंकणीने धूळ उडवा, कारण काचेवर ओरखडे रंगापेक्षा धुळीच्या कणांनीच उठतात. मग शुद्ध आयसोप्रोपिलचा ओलसर बोळा ठिपक्यावर काही सेकंद नुसता टेकवून ठेवा, उचला, बघा, पुन्हा टेकवा. निघायचा असेल तर असाच निघतो. ब्लेड, नख, पेंट रिमूव्हर यांतलं काहीही नको. काचेवरचा परावर्तन कमी करणारा लेप इतका पातळ असतो की तो मिलिमीटरमध्ये मोजायची सोय नाही, आणि एकदा खरवडला की तो घरी भरून येत नाही. एखादा ठिपका हटलाच नाही तर तसाच राहू द्या. समोरच्या लेन्सवरचा बारीक ठिपका नजरेच्या फोकसमध्ये येत नाही. थोडासा प्रकाश अडवतो, चित्रात डाग म्हणून दिसत नाही. तो घालवायच्या हट्टापायी लेप घालवणं हा तोट्याचा सौदा आहे.

धातूचे सुटे भाग ट्रेमध्ये भिजवताना ट्रे धातूचा किंवा पॉलिप्रोपिलीनचा घ्या आणि वर झाकण ठेवा. ट्रिगरची जोडणी मात्र भिजवू नका. सुटलेले पोपडे सिअरच्या, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत रायफल सुटू न देणाऱ्या खटक्याच्या, मागे जाऊन बसले तर तो पूर्ण अडकत नाही, आणि अशी रायफल बोट न लावताही सुटू शकते. त्या भागात रंग गेलाय असं दिसलं तर ते काम जाणकार बंदूक-कारागिराकडे द्या. नळीच्या दोन्ही तोंडांना बुचं लावा. तोंडाजवळचा रंग गोळीबाराच्या उष्णतेने भाजून घट्ट झालेला असतो, तिथे जास्त वेळ लागला तर वैतागून काचपेपर घेऊ नका. काचपेपरने ब्लूइंग जातंच, शिवाय अनुक्रमांक पुसट झाला तर कायद्याचं झेंगट मागे लागतं. बहुतेक देशांत तो अंक खोडणं हा गुन्हा आहे.

ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीपर्यंत पोचते. तो शून्याखाली २० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकतो. म्हणून उघड्यावर काम करा, जवळपास शेगडी किंवा सिगारेट नको. साधे नायट्राइलचे हातमोजे ॲसिटोनपुढे फार टिकत नाहीत. ब्यूटाइल रबराचे मिळाले तर तेच घ्या, नाहीतर ओले झाले की लगेच बदला. वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळू द्या.

रंग निघाला की पोलादाला त्याच बैठकीत तेल लावा, उद्यावर ढकलू नका. ॲसिटोन तेलाचा शेवटचा अंशही काढून नेतो आणि दमट हवेत अशा उघड्या पोलादावर काही तासांत तांबूस छटा येते, विशेषतः जिथे बोटं लागली तिथे. तेलाचं फडकं फिरवून रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी जादाचं पुसून घ्या. दुर्बीण परत बसवताना रिंगांचे स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळा. बऱ्याच रिंगांना तो १५ ते १८ इंच-पाउंड असतो, म्हणजे मनगटाच्या नेहमीच्या जोरापेक्षा बराच कमी. आणि दुर्बीण एकदा उतरवली म्हणजे झीरो, म्हणजे नेम आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ, गेला असंच धरून चाला, रेंजवर नव्याने जुळवून घ्या.