कोपराला चोळावं कुठे, कसं आणि किती

प्रश्न : डॉक्टरताई, मी सांगलीला राहते, वय ४४. घरून डबे देते. रोज दीडशेच्या आसपास पोळ्या होतात. तीन महिन्यांपासून उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणकतं. चहाचं पातेलं सांडशीत धरून उचललं की कळ मनगटापर्यंत जाते. फडकं पिळताना तर डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टरांनी टेनिस एल्बो सांगितलं आणि फरक पडला नाही तर इंजेक्शन देऊ म्हणाले. सासूबाई रोज रात्री कोमट तिळाच्या तेलाने त्या हाडावर जोर लावून चोळून देतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण सकाळी जास्तच दुखतं. मालिश चालू ठेवू की बंद करू? डबे बंद करणं मला परवडणारं नाही.

उत्तर : ताई, मालिश बंद करू नका, पण जागा बदला. सासूबाई मायेने चोळतात, मात्र जिथे चोळायला नको नेमकं तिथेच चोळतात.

तुम्ही कधी रॅकेट धरली नसेल. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी ती धरलेली नसते. १८८०च्या सुमारास इंग्लंडमध्ये लॉन टेनिस खेळणाऱ्यांत हे दुखणं दिसलं, म्हणून ते नाव पडलं. आपल्याकडे ते घराघरांत पोचलं २००४ साली, सचिनचं कोपर दुखावलं तेव्हा. पण कोपराला बॅट काय आणि लाटणं काय, दोन्ही सारखंच. आपण मूठ आवळतो तेव्हा मनगट आत वळू नये म्हणून हाताच्या वरच्या बाजूचे स्नायू ते ओढून धरतात. हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला एका जाड दोरीसारख्या पट्ट्याने, म्हणजे कंडरेने, चिकटलेले असतात. दीडशे पोळ्या म्हणजे त्या एवढ्याशा जागेला हजारो झटके. तिथे रक्तपुरवठा आधीच कमी, त्यामुळे झालेली झीज भरून यायला वेळ लागतो. जुन्या दुखण्यात तिथे सूज फारशी नसते, कंडरेचे धागे विसविशीत झालेले असतात. म्हणूनच हाडावर जोराने रगडलं की दुखऱ्या धाग्यांना आणखी मार बसतो. तुमची सकाळची कळ त्याचीच आहे.

हे मी स्वतःच्या हातावर शिकले. दिवसभर अंगठ्याने पेशंटचे खांदे दाबून माझं उजवं कोपर धरलं, तेव्हा मीसुद्धा घाईत होते. एका सहकाऱ्याला म्हटलं, जोरात रगड. दुसऱ्या दिवशी रुपयाएवढा काळानिळा डाग आणि पेन धरता येईना. तेव्हापासून कोणाच्याही कोपराला हात लावण्याआधी मी माझ्या बोटाने त्यांना जागा दाखवते. कागदावर दाखवता येईल तितकं दाखवते.

टेबलावर उशी ठेवा, त्यावर दुखरा हात कोपरात काटकोनात वाकवून सैल सोडा. आधी पाच मिनिटं कोमट शेक घ्या. मग थोडं तेल लावून डाव्या तळव्याने मनगटाकडून कोपराकडे हलक्या हाताने तीन-चार मिनिटं चोळा. आता कोपराच्या चार बोटं खाली, हाताच्या वरच्या बाजूला मांसल भाग लागेल. तिथे अंगठा फिरवा, वाटाण्यासारखी टणक गाठ हाताला लागेल. खरं दुखणं पुष्कळदा तिथे साठलेलं असतं आणि आपण मात्र हाडाला दोष देतो. त्या गाठीवर अंगठा दाबून ठेवा आणि दुखऱ्या हाताचं मनगट सावकाश खाली-वर करा. अर्धा मिनिट, मग सोडा. असं चार-पाच वेळा. गाठ लोण्यासारखी विरघळणार नाही, पण सैल पडल्याचं तुम्हालाच जाणवेल.

एवढं रोज करा. त्यापुढचा प्रकार एक दिवसाआड. बाहेरचा हाडाचा उंचवटा शोधा. हाडाच्या टोकावर बोट ठेवू नका, तिथून अर्धं बोट पुढे, अंगठ्याच्या दिशेला सरका. दाबल्यावर 'हेच ते' असं जिथे तोंडातून निघेल, ती जागा. तेल पुसून टाका, कारण इथे बोट घसरता कामा नये. बोट आणि कातडी एकत्र सरकली पाहिजेत. कंडरेच्या धाग्यांना आडवं, वीणेच्या तारेवर आडवं बोट फिरावं तसं, छोट्या अंतरात पुढे-मागे. जेम्स सिरियाक्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी ही आडव्या मालिशची पद्धत रूढ केली. ते ती दहा मिनिटं करायचे. घरी तीन ते पाच मिनिटं पुरेत. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत ती जागा बधिर होऊन दुखणं कमी व्हायला हवं. वाढत गेलं तर थांबा. निळं पडलं तर जोर जास्त झाला, चार दिवस हात लावू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ही आडवी मालिश करू नका. कोपराच्या आतल्या बाजूच्या खाचेत कधीही दाबू नका, तिथून नस जाते, हाताला झटका बसतो.

हे काम सासूबाईंनाच सांगा. डाव्या हाताने स्वतः करता येतं, पण त्यांच्या अंगठ्याला सवय आहे, फक्त जागा तुम्ही दाखवा.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. नुसत्या मालिशने टेनिस एल्बो बरा होतो असं अभ्यासांत पक्कं दिसलेलं नाही. मालिश कळ खाली आणते, हात मोकळा करते. त्या मोकळ्या हाताने व्यायाम केला तरच कंडरा पुन्हा मजबूत होते. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घ्या. हात टेबलावर पालथा, मनगट कडेच्या बाहेर. डाव्या हाताच्या मदतीने मनगट वर करा, मग मदत काढून पाच आकडे मोजत सावकाश खाली सोडा. दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. करताना थोडं दुखलं तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळपदावर आलं पाहिजे. आलं नाही तर बाटली अर्धी रिकामी करा.

डबे बंद करा असं मी सांगणार नाही, मला त्यातली अडचण कळते. कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे मळायला ताकद कमी लागेल. लाटताना लाटणं बोटांनी आवळू नका, उघड्या तळव्याखाली फिरू द्या. ओटा उंच पडत असेल तर पायाखाली पाट घ्या, कोपर अंगाजवळ राहायला हवं. वीस पोळ्या झाल्या की दोन मिनिटं हात झटका. पातेलं दोन्ही हातांनी, पिशवी तळवा वर करून उचला. फडकं पिळू नका, निथळत ठेवा. पिळण्याइतकं वाईट या कोपराला दुसरं काही नाही.

इंजेक्शनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, पण ते स्टेरॉइडचं आहे का, हे आधी विचारा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं, मात्र वर्षभराने पाहिलं तर ते घेतलेल्यांचं दुखणं न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळा उलटलेलं आढळतं. घ्यायचंच ठरलं तर त्यानंतर किती दिवस मालिश टाळायची तेही त्यांनाच विचारा. बोटांना मुंग्या येत असतील, मान वळवताना कळ हातात उतरत असेल किंवा पंजातली ताकद गेल्यासारखी वाटत असेल तर मालिश थांबवून मान तपासून घ्या, मूळ तिथे असू शकतं.

बहुतेकांचं हे दुखणं वर्षाच्या आत जातं. सहा आठवडे हे सगळं नेमाने करा, मग चहाचं पातेलं सांडशीत धरून एकदा उचलून पाहा आणि कळ मनगटापर्यंत गेली की कोपरातच थांबली, ते मला लिहून कळवा.